कुकडेकाकांचं मशीन

दुकानात जाऊन माईक विकत आणावा हे त्या वयात माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यवतमाळच्या दुकानात मिळायचे ते मंडपवाल्यांचे माईक, लग्नात मामाला स्टेजजवळ बोलावण्यासाठी केलेले. आणि बाभुळगावात आम्ही जे वाढलो ते वस्तू बनवणाऱ्याच्या हातूनच घेत वाढलो. गादी पिंजाऱ्याकडून, पाट सुताराकडून, मडकं कुंभाराच्या अंगणातून वाजवून घेतलेलं. घरामागच्या खोलीत रेकॉर्डिंगची सोय करायची असं मी ठरवलं, तेव्हा तीही मी अशीच जमवत गेलो. माईकचा स्टँड दारव्ह्याच्या एका वेल्डिंगवाल्याने केला. तो खाटा आणि फाटकं बनवायचा, त्यामुळे स्टँड असा दणकट झाला की उचलायला दोघं लागायचे. भिंतींना आतून लावायच्या कापसाच्या गाद्या रज्जाकभाई पिंजाऱ्याने आमच्याच अंगणात बसून भरल्या. तो सुई ओढता ओढता मला म्हणाला, "भितीले गाद्या कायले लागते बाप्पा? कोनी पागल येऊन राह्यला का इथं राहाले?" त्यावर सगळ्यात जास्त हसली ती माझी ताई.

ताईचं नाव मालती. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. एका खाजगी शाळेत शिकवायची आणि घरात असली की गात असायची. कणीक मळताना, केस विंचरताना, वह्या तपासताना. समोर बसून गा म्हटलं तर मात्र लाजायची. तिला पाहायला चार-पाच ठिकाणची मंडळी येऊन गेली होती आणि काही ना काही कारण काढून परत गेली होती. त्यातल्या एका घरच्या बाईने पोह्यांची बशी हातात धरून सांगितलं होतं, की मुलगी गाते ते ठीक, पण आमच्याकडे चालायचं नाही. त्या दिवशी संध्याकाळी ताई गायली नाही. घर इतकं मुकं झालं की पलीकडच्या कापसाच्या जिनिंगची घरघर स्वयंपाकघरात येऊन बसल्यासारखी वाटली. मला वाटतं, ती खोली करायचं माझ्या मनात तेव्हाच पक्कं झालं. पुढे मी लोकांना सांगायचो की भजनी मंडळांच्या कॅसेटी काढायच्या आहेत, निवडणुकीच्या जाहिराती करायच्या आहेत. ते खोटं नव्हतं. पण खरं एवढंच होतं, की ताईचा आवाज कुठेतरी धरून ठेवायचा होता.

बाबा तहसील कचेरीत कारकून. त्यांचं अक्षर असं की गावातले लोक अर्ज लिहून घ्यायला घरी यायचे, आणि बाबा एक शब्द खोडावा न लागता दीड पान लिहून द्यायचे. त्यांना माझ्या उद्योगाचं कौतुक नव्हतं, पण त्यांनी आडकाठीही केली नाही. मागच्या खोलीत तुरीची पोती असायची, ती एका कोपऱ्यात सरकवायची परवानगी दिली, बस. आई मात्र हरखली होती. तिच्या हातची पातोडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी खायला ढोलकीवाले आपणहून येतील, असं ती म्हणायची.

वर्ध्याच्या कुकडेकाकांबद्दल मला नेरच्या एका ढोलकीवाल्याने सांगितलं. "माईक बी तोच बनवते, अन् माईक चालवाचं मशीन बी तोच. पन दुकानात नाई भेटत. त्याच्या घरी जा लागते, अन् त्याले तू पटला पाह्यजे." एका रविवारी ताई आणि मी एसटीने कळंब, देवळी करत वर्ध्याला गेलो. गावाबाहेरच्या वस्तीत टिनाचं शेड होतं, दारात पारिजात. आत एक काटकुळा म्हातारा चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधून बसला होता आणि त्याची बायको, शांताकाकू, हाताच्या चाकावर तांब्याची केसासारखी बारीक तार गुंडाळत होती. आम्ही नमस्कार केला तेव्हा तिने नुसतं एक बोट वर केलं. ती फेरे मोजत होती. दोन हजारांच्या पुढे कुठेतरी होती, चुकली असती तर पहिल्यापासून गुंडाळावं लागलं असतं. तिचे फेरे संपेपर्यंत आम्ही चौघंही गप्प बसलो. मला ते फार आवडलं होतं. आजही एखादा माणूस मन लावून काही करताना दिसला की मी आपोआप गप्प होतो.

काका आधी माईकचं काही बोललेच नाहीत. खोली केवढी, छत कशाचं, खाली जमीन कसली, शेजारी काय आहे, असं विचारत एका वहीत लिहीत गेले. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान होतं, नाव, गाव, खोलीचा नकाशा. मग ताईला म्हणाले, "बाई, गाय बरं काही." ताई माझ्याकडे पाहत लाल झाली. शेवटी आईच्या जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या. काका मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर बायकोला म्हणाले, "खालचा आवाज पाह्य कसा हाये, विहिरीतून आल्यासारखा. इले पातळ मशीन चालनार नाई."

"दुकानात का नाही देत काका तुम्ही?" ताईने विचारलं.

"दुकानात देलं का माझं मशीन कोनाच्या हाती गेलं, ते मले समजत नाई. याच्यात अडीचशे वोल्ट हाये बाई. हे खेळनं नाई." मग त्यांनी एक प्लग हातात घेतला आणि मला जवळ बोलावलं. "ह्या दोन पिना मशीन चालवाच्या. ही तिसरी मोठी पिन मशीनची नाई. ही मानसाची हाये. मशीनच्या आत काही बिघडलं, डब्यात करंट उतरला, तर हिच्यातून जमिनीत जाते अन् फ्यूज उडते. ही नसली तर तो करंट मानसाची वाट पाहात बसते. तुमच्याकडे अर्थिंग हाये?"

नव्हती. कशी करायची ते त्यांनी कागदावर काढून दिलं. शांताकाकूने आम्हाला वांग्याची भाजी आणि भात वाढला, आणि निघताना ताईच्या हातात पारिजाताची फुलं दिली. बसमध्ये ताई वासासाठी ओंजळ नाकाशी धरून बसली होती. म्हणाली, "दिल्या, एवढ्या बारकाईनं माझा आवाज कोणी ऐकला नव्हता रे."

मशीन यायला दीड महिना लागला. तोवर ताईने आणि मी न्हाणीमागे कंबरभर खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि खडेमीठ टाकलं. माती ओली राहायला हवी असं काकांनी लिहिलं होतं, म्हणून आई रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर तिथेही एक तांब्या ओतायची. काका स्वतः मशीन घेऊन आले नाहीत, त्यांना प्रवास झेपत नव्हता. ओळखीच्या एका माणसाबरोबर त्यांनी ते पाठवलं, गोधडीत गुंडाळून. करड्या रंगाचा लोखंडी डबा, वजनदार, त्यावर नाव नाही, फक्त मागे खिळ्याने कोरलेला आकडा. बरोबर चांदीसारखा चकचकीत माईक.

आणि लावल्या क्षणापासून त्यातून घुंई येऊ लागली. बारीक, सतत, माशी कानाजवळ अडकल्यासारखी. कॅसेट डेक मशीनला जोडला की यायची, काढला की जायची. मी वायरी बदलल्या, बोर्ड बदलला, काही फरक नाही. शेवटी एसटी स्टँडवरच्या बूथवरून वर्ध्याला फोन लावला. काका ओरडून बोलायचे. "दोन मशीनची अर्थिंग भांडून राह्यली! मी पोळा झाला का येतो! येऊन अर्ध्या घंट्यात काढतो! तवर थ्या पिनीले हात लावू नोको, आयकलं का? लोक पिन काढते, घुंई जाते, अन् त्यायले वाटते आपन लय हुशार! घुंई राहू दे!"

मी हो म्हणालो. त्यांनी सांगितलं नसतं तर पिन काढल्याने घुंई जाते हे मला कळलंही नसतं. हे मी कितीदा मनात फिरवलं असेल. ज्या माणसाने मी वाचावं म्हणून सांगितलं त्याच्या त्याच वाक्यातून मी ते उचललं.

पोळ्याला बारा-तेरा दिवस होते. एका भजनी मंडळाला श्रावण संपायच्या आत कॅसेट हवी होती आणि ती घुंई ऐकून त्यांचा बुवा तोंड वाकडं करून गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना मी पक्कड घेतली आणि पिन मोडून काढली. नीट निघाली नाही, पिळून पिळून तोडावी लागली. प्लग बोर्डात खुपसला, हेडफोन कानाला लावला. इतकी शांतता मी तोवर ऐकली नव्हती. खोलीतल्या पोत्यांमधून उंदीर खुडबुडला तेही स्वच्छ ऐकू आलं. मोडलेली पिन खिडकीतून बाहेर फेकली. संध्याकाळी ताईने ऐकलं आणि टाळीच वाजवली. "अगं बाई, गेली की घुंई! काय केलंस रे?" मी म्हणालो, "केलं काहीतरी." तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. आपला भाऊ हुशार आहे, असा चेहरा तिने केला होता.

आठवडा तसाच गेला. भजनवाल्यांचं काम झालं. ताईचं काही ना काही अडत होतं. शाळा, वह्या, घसा बसला. मग एका शनिवारी सकाळची शाळा करून ती दुपारी घरी आली. पावसाची झड लागली होती, दोन दिवस ऊन नव्हतं, भिंतींना ओल आली होती. चिखलातून आल्यामुळे तिने न्हाणीत पाय धुतले आणि तशीच ओल्या पायांनी आत आली. म्हणाली, "चल, आज गाऊन टाकते. नाहीतर पुन्हा राहील." आई स्वयंपाकघरात पातोड्यांचं बेसन घोटत होती. मसाल्याचा खमंग वास खोलीपर्यंत येत होता. मी पलीकडे डेकजवळ बसलो, हेडफोन लावला. कॅसेट सुरू करायची होती, आधी आवाज पाहत होतो. ताई म्हणाली, "हा फार खाली आहे रे. थांब, मीच वर करते." आणि तिने माईक मुठीत धरला.

हेडफोनमध्ये एक फट्कन आवाज झाला आणि मग काहीच नाही. मी वर पाहिलं. ती माईक धरून उभी होती, मान एका बाजूला. मला वाटलं ती गंमत करते आहे. मी चक्क हसलो. ते हसणं तीन सेकंदांचं असेल की पाचचं, मला सांगता येणार नाही. मग मी धावलो, तिच्या दंडाला धरलं आणि पोत्यांवर फेकला गेलो. मी ओरडलो असेन, कारण आई बेसनाच्या हातांनी धावत आली, तिने एकदा पाहिलं आणि मला न सांगता उलट फिरून ओसरीवरचं मेन स्विच खाली ओढलं. मेन स्विच बंद करायचं, हे मला सुचलं नाही. शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईला सुचलं. ताई खाली पडली तेव्हा वेल्डिंगवाल्याचा तो दणकट स्टँडही तिच्याबरोबर आला. शेजाऱ्यांच्या जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने फार वेळ घेतला नाही.

एवढ्या खटाटोपातून ताईच्या आवाजातलं एकही गाणं उरलं नाही. लोकांना हे खरं वाटत नाही. खोली तिच्यासाठी, माईक तिच्यासाठी, आणि कॅसेटींवर मात्र कोणा कोणा बुवांची भजनं.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. पोलिस आले, पंचनामा झाला, मशीन कापडात बांधून लाखेचा शिक्का मारून घेऊन गेले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, घरी बनवलेल्या माईकच्या शॉकने शिक्षिकेचा मृत्यू, अशा. खाली वर्ध्याच्या कारागिराचा उल्लेख होता. घरी माणसं येत, ओसरीवर बसत, आणि प्रत्येक जण तेच म्हणे, की कंपनीचा माल घ्यायला हवा होता, असा कोणाच्याही शेडमधला कशाला घ्यायचा. बाबा ऐकत राहायचे. दहाव्या दिवसापर्यंत त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग होता. त्यांना कोणीतरी माणूस हवा होता, ज्याचं नाव कागदावर लिहिता येईल.

तेराव्यानंतर ठाण्यात आम्हाला बोलावलं. कुकडेकाका तिथे बाकावर बसले होते. शांताकाकू बाहेर, झाडाखाली. ठाणेदाराने शिक्का तोडून मशीन काकांसमोर ठेवलं. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, एक वायर बोटाने उचलली. तिच्यावरचं आवरण उंदराने कुरतडलं होतं आणि उघडी तार डब्याला टेकली होती. तेवढ्यावर त्यांनी थांबायचं कारण नव्हतं, आणि ते थांबले नाहीत. वायर हातातून सरकवत सरकवत ते टोकाला आले आणि प्लग उलटा केला. पक्कडीचे दात पितळेवर स्पष्ट उमटले होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाबांकडे. पुन्हा माझ्याकडे.

"काय दिसून राह्यलं?" ठाणेदाराने विचारलं.

काकांनी प्लग मुठीत झाकला. "वायर उंदरानं खाल्ली हाये साहेब. मशीन माझंच हाये. मीच बनवलं."

बाबा पुढे झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी परक्या माणसाला अरेतुरे केलं. "तुझ्या डब्यानं माझी पोरगी खाल्ली. तुला सोडणार नाही मी." काका उभे राहिले आणि त्यांनी बाबांना हात जोडले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो.

त्या रात्री नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. चार दिवस मी गप्प राहिलो. आज मागे वळून पाहताना ताईच्या मृत्यूपेक्षा ते चार दिवस मला जास्त छळतात. पिन काढली तो मूर्खपणा होता. गप्प राहिलो तो मूर्खपणा नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा ओसरीवर तक्रारीचा मसुदा लिहायला बसले. नेहमीसारखं, एकही खाडाखोड नाही. संपल्यावर मला हाक मारली. "तू प्रत्यक्षदर्शी आहेस. वाच, आणि खाली सही कर." मी वाचत गेलो. तिसऱ्या परिच्छेदात होतं, की सदर यंत्र माझ्या मुलाने बनवणाऱ्याने दिलेल्या सर्व सूचनांचे पालन करूनच जोडलेले होते. त्या ओळीचं अक्षर फार सुंदर होतं. आई दारात सुपात तूर निवडत होती.

"बाबा, हे असं नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"काकांनी सांगितलं होतं पिन काढू नको. मी काढली. घुंई यायची म्हणून. पक्कडीनं तोडली. ती असती तर फ्यूज उडाला असता."

सुपाचा आवाज थांबला. बाबांनी पेनाचं टोपण उचललं, लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मला वाटलं ते मला मारतील, आणि मारावं असं फार वाटत होतं. त्यांनी विचारलं, "त्या माणसाला हे ठाण्यात दिसलं होतं?"

"हो."

"आणि तो बोलला नाही."

"नाही."

आई उठली. सूप खाली ठेवलं नाही, तसंच घेऊन आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, माझे कपडे धुवायची. बोलायची नाही. न्हाणीमागच्या खड्ड्यात पाणी घालणं तिने ताई गेली त्याच दिवशी बंद केलं होतं.

बाबांनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि मला घेऊन ठाण्यात गेले. मी सांगितलं ते लिहून घेतलं गेलं. ठाणेदाराने पेन खाली ठेवलं. "लेका, तुले अजून काय सजा देनार कोनी?" म्हणाला आणि अकस्मात मृत्यू म्हणून प्रकरण बंद झालं. तिथूनच आम्ही वर्ध्याची बस धरली. देवळीपर्यंत बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मग एकाएकी म्हणाले, "मी त्याला अरेतुरे केलं."

शेडच्या दारात करडे डबे रचलेले होते. सात-आठ तरी असतील. वर्तमानपत्र वाचून लोकांनी परत आणून टाकले होते, एकाने तर फाटकावरूनच आत फेकला होता, त्याचा कोपरा चेपला होता. तार गुंडाळायच्या चाकावर कापड टाकलेलं होतं. बाबांनी काकांचे पाय धरायला वाकायचा प्रयत्न केला, काकांनी त्यांना खांद्याला धरून खाटेवर बसवलं.

"तुम्ही तिथंच का नाही बोललात?" बाबांनी विचारलं. "तुमच्यावर आलं होतं."

काकांनी चष्म्याचा दोरा नीट केला. मग म्हणाले, "तुमची एक गेली होती साहेब. दुसरा माझ्या तोंडानं जावा, असं मले नाई वाटलं." आणि माझ्याकडे वळले. "तू सांगतलं, का यायनं काढून घेतलं?"

"मीच सांगितलं. उशिरा."

शांताकाकूने पाणी आणलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ताईला फुलं देणारे ते हात मी पाहत राहिलो. बाबा म्हणाले, की आम्ही वर्तमानपत्राला खुलासा देऊ, मी स्वतः लिहून देतो. काकांनी मान हलवली. "पेपरवर लोकायचा आता इश्वास नाई बसनार. तुमी लिहिलं तरी म्हनतीन, मीच लिहून घेतलं, आपला माल वाचवाले." त्यांनी कपाटातून ती वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तेवीस घरं हायेत. मशीन वापस करा म्हनून नाई सांगाचं. घ्या म्हनून बी नाई. काय झालं ते सांगाचं. तोंडानं, समोर बसून. ज्यायनं वापस केले त्यायले बी, अन् ज्यायच्या घरी अजून चालू हाये त्यायले तर पह्यले."



मी वहीतली नावं उतरवून घेतली आणि निघालो. पहिलं घर नेरचं, एका भजनी मंडळाच्या अध्यक्षाचं. मी बोलायला लागलो, पिन, पक्कड, ताई. त्याने मधेच हात वर केला. "बहीन मारून गावोगाव सांगत फिरून राह्यला का?" आणि दार लावून घेतलं. दिग्रसजवळच्या तांड्यात एक गायक होता, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चहा दिला. कोणी रडलं, कोणी शिव्या दिल्या. एकाने मला तीनदा तेच तेच सांगायला लावलं, शेजाऱ्यांना बोलावून बोलावून. मी सांगितलं. सुरुवातीला माझा आवाज कापायचा. पुढे कापेना, तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली.

झरी जामणीकडचं घर एका आश्रमशाळेच्या गुरुजींचं होतं, टेकाम गुरुजी. बसमधून उतरून जंगलातून तासभर चालावं लागलं. ते कोलामी बोलीतली आपल्या आईची गाणी भरून ठेवत होते. मी पोचलो तेव्हा म्हातारी शेणाने नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी बसली होती, काकांचा माईक तिच्या मांडीवर, लेकरासारखा. मी वायरीच्या मागे पाहत गेलो. प्लग नव्हताच. गावातल्या बोर्डाला दोनच भोकं, म्हणून गुरुजींनी प्लग कापून दोन उघड्या तारा भोकांत घालून काडीपेटीच्या काड्या ठोकल्या होत्या. अर्थिंगची हिरवी तार बाजूला लोंबत होती.

मी नमस्कारसुद्धा केला नाही. "गुरुजी, आधी बंद करा. आईंच्या हातातला माईक काढू नका, आधी बटण बंद करा."

माझा चेहरा पाहून त्यांनी काही विचारलं नाही, बटण बंद केलं. मग मी सांगितलं. ते ऐकताना त्यांनी एक हात आईच्या पाठीवर ठेवला होता. संपल्यावर म्हणाले, "वापरतो रोज. चार महिने झाले, ती रोज असंच धरून बसते." आणि उठून कुदळ घेऊन आले. आम्ही दोघांनी परसात खड्डा खणायला घेतला. जमीन मुरमाड होती, ठिणग्या निघत होत्या. म्हातारी दारात येऊन उभी राहिली आणि तिच्या भाषेत काही विचारलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

गुरुजी थांबले. "विचारते, कोन मेलं? कोनाले गाडून राह्यले?"

मी कुदळ चालवत राहिलो. गुरुजींनी तिला कोलामीत काहीतरी सांगितलं, बरंच लांब. म्हातारी सावकाश खाली बसली आणि खड्डा पुरा होईपर्यंत तिथून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी पोचलो. बाबा कचेरीतून आले नव्हते. आई चुलीजवळ होती, पाठमोरी. रोज मी तसाच मागच्या खोलीत जाऊन पडायचो. त्या दिवशी मी दारात बसलो आणि तिच्या पाठीला सगळं सांगितलं. जंगलातला रस्ता, ओली जमीन, म्हातारीच्या मांडीवरचा माईक, काडीपेटीच्या काड्या, खड्डा. तिने विचारलं नव्हतं. तव्यावरची भाकरी फुगली, तिने ती उलटली, निखाऱ्यावर टाकली. मला वाटलं तिने ऐकलंच नाही.

मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "किती घरं राह्यली अजून?"

"नऊ."

भाकरी तिने टोपलीत टाकली आणि दुसरीसाठी पीठ घेतलं.

"मंग उद्या पहिल्या गाडीनं निघ," ती म्हणाली. "भाकरी बांधून देते."